बॉनेट उघडंच

"आत्ता तर चालू झाली होती," मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाले. "मी माझ्या कानानं ऐकली. मग परत कशाला उघडलीत?"

आमच्या ह्यांनी मान वर केली नाही. बॉनेट उघडं, कमरेपर्यंत माणूस आत, बाहेर नुसती बनियनची पाठ आणि मळका लेंगा. खाली फरशीवर माझा चांगला टॉवेल अंथरून त्यावर पाने, प्लग, स्क्रू असं सगळं मांडून ठेवलेलं.

"इंजिन जरा अडखळलं, मिसिंग वाटली," आतून आवाज आला. "पाच मिनिटं."

ह्यांची पाच मिनिटं मला चांगली ठाऊक आहेत. संक्रांतीपासून ह्या पाच मिनिटांनी माझी एका भाचीची हळद, एका मैत्रिणीची वास्तुशांत आणि मोठ्या जावेच्या घरचं बारसं खाल्लं. प्रत्येक वेळी मी साडी नेसून दारात उभी, आणि बॉनेट वर. मग हे हात पुसत म्हणायचे, "तू एसटीनं हो पुढं." मी व्हायचे पुढं. पण आज एसटीचं काम नव्हतं.

आज राजीला दवाखान्यातून घरी आणायचं होतं. राजी म्हणजे राजेश्वरी, आमची एकुलती एक. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून सातव्या महिन्यात आमच्याकडं कळंबला आलेली. बीपी वाढलं, इथल्या डॉक्टरांनी हात वर केले आणि धाराशिवला पाठवलं. सिझर झालं, मुलगी झाली. मी शाळेत रजा टाकून तिच्या उशाशी होते, ती काल संध्याकाळी खोली लावायला म्हणून तेवढी घरी आले. बाज मांडली, शेगडी घासली, शेपा भाजून ठेवल्या, डिंकाचे लाडू वळले. आता फक्त बाळंतीण यायची राहिली होती.

आणि ती येते की नाही, हेच आज ठरायचं होतं. तिच्या सासूबाई, धुरपदाबाई, ईट गावच्या. मोठी शेती, मोठं घर, दारात मोठी गाडी. बाई वाईट नाहीत, पण जीभ तिखट. काल निघताना सगळ्या वॉर्डासमोर मला म्हणाल्या, "दुपारपस्तोर तुमची गाडी आली तर बरं. न्हाय तर आमी आमच्या घरी नेताव. ओली बाळंतीण काय स्टँडवर बसवायची व्हय?" वर आणखी एक वाक्य टाकलंच. "आजोबा आले न्हाईत वं अजून. नातू असता तर पळत आले असते."

ते मला लागलं. कारण खरंच हे एकदाही आले नव्हते. रोज फोन केला की एकच पाढा: गाडीचं जरा बघतो, उद्या येतो. पोरगी टाके पडून आडवी, आणि बाप गाडी बघतोय. मी राजीला काहीबाही सांगत राहिले. तिनंही काहीबाही ऐकून घेतलं.

तशी ही गाडी म्हणजे माझी सवतच. जुनी पांढरी एट हंड्रेड, राजी पाचवीत असताना बार्शीच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. हे पंचायत समितीत, जन्मभर फाइली हलवलेला माणूस, पाना कधी हातात धरला नव्हता. पहिल्याच वर्षी येरमाळ्याच्या पुढं गाडी बंद पडली. मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा घेऊन मी उन्हात बसलेली. एका ट्रकवाल्यानं प्लग काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला, आणि गाडी चालू. त्या दिवसापासून हे बिघडले. पाने आणले, गॅप मोजायच्या पट्ट्या आणल्या, रविवार आला की इंजिन उघडायला लागले. सुरुवातीला जोडून झालं की एखादा स्क्रू उरायचा. तो बिस्किटाच्या डब्यात जायचा आणि मी विचारायचे, आज किती उरले? पण पुढं हात बसला, हे मी कबूल करते. टॅपेटचा आवाज ह्यांना ओसरीवरून कळायचा. कार्बोरेटर असा साफ करायचे की मी माझं देवघरही तसं घासत नाही. एकच नियम, गाडीला परक्याचा हात लागू द्यायचा नाही.

रिटायर झाल्यावर तर विचारूच नका. आणि संक्रांतीनंतर रोज उघडायची, पुसायची, बंद करायची, परत उघडायची. न्यायची मात्र कुठंच नाही. मी मनात म्हणायचे, रिटायरमेंट मानवली नाही ह्या माणसाला.

फोन वाजला. जावयाचा, रणधीरचा.

"मामी, निघालाव का? डिस्चार्जचे कागद झाल्यासारखेच हायत. आई पिशव्या भरायली."

"निघतोच आहोत," मी म्हणाले. तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवते आणि तोंडातून हे निघालं.

"न्हाय, म्हणजे, गाडी चालू हाय ना? न्हाय तर मी राजीला ईटलाच..."

"चालू आहे. मी ठेवते."

बाहेर आले तर हे चाकाशी उकिडवे बसलेले. मग उठले, नळापाशी गेले, हात न धुताच परत आले. बॉनेटात वाकले, परत सरळ झाले. मला ह्यांचं हे नुसतं बघवेना. आदळआपट नाही, शिवी नाही, पण एका जागी पाय नाही.

"अहो, काय झालंय नेमकं?"

"झालं. झालंच." हे आत बसले, चावी फिरवली. इंजिन घरघरलं आणि फाडकन असा बार उडाला की शेजारच्या महेश्वरीवहिनी गच्चीवरून वाकून बघायला लागल्या. परत चावी. परत बार. मग नुसतीच घरघर आणि पेट्रोलचा वास.

हे खाली उतरले. चेहऱ्यावर घाम. तीन प्लगांकडं जाणाऱ्या वायरी एकेक करून ओढून काढल्या, चाचपल्या, परत खोचल्या.

"मी भाड्याची गाडी सांगते," मी म्हणाले.

"न्हाय. माझी नात भाड्याच्या गाडीत यायची न्हाय."

"मग गॅरेजवाल्या महांतप्पाला बोलावते."

"त्याचा हात लावू देणार न्हाय म्या."

"मग काय ईटला जाऊ दे का पोरीला? सव्वा महिना तिथं काढू दे? आणि आपण इथं लाडू खात बसू?" माझा आवाज वर गेला. महेश्वरीवहिनी अजून गच्चीवरच होत्या, पण मी म्हटलं ऐकू दे. "तुम्हाला पोरगी पाहिजे का ही गाडी पाहिजे, एकदाचं सांगा."

हे माझ्याकडं बघून न बघितल्यासारखं करून परत वाकले. मी चपला घातल्या आणि निघाले.

महांतप्पाचं गॅरेज आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. तिसरीत माझ्या वर्गात होता. पाढे कधी आले नाहीत, पण वर्गातला पंखा नेहमी तोच दुरुस्त करायचा. आता डोक्यावरचे केस विरळ झालेत, तरी मला बघितलं की हातातलं काम खाली ठेवतो.

"बाई, नाना मला गाडीजवळ उभं तरी करतील का?" त्यानं विचारलं.

"तू चल. त्यांचं मी बघते."

हे बाजूला झाले, मोठ्या कष्टानं. भिंतीला पाठ लावून उभे राहिले, हातातला पाना मात्र सोडला नाही. महांतप्पा वाकला. एकेक वायर बोटानं मागं नेऊन बघितली. मग हसला.

"नाना, वायरी उलट्यापालट्या झाल्यात की. एकाची तिनाला, तिनाची दोनाला. मग बार उडंल न्हाय तर काय?" त्यानं प्लग काढून पुसले, फुंकले, परत बसवले. "बाकी इंजिन म्हणजे आरसा हाय, बाई. ह्या गाडीला काहीच झालेलं न्हाय."

काहीच झालेलं नाही. माझं डोकं तडकलं. म्हणजे सकाळी चालू झालेली गाडी ह्या माणसानं आपल्या हातानं बंद पाडली. मी ह्यांच्याकडं वळले, तोंड उघडलं, तेवढ्यात महांतप्पा म्हणाला:

"पण नाना, हे दोरे कशाला बांधले हो वायरींना?"

मी पुढं होऊन बघितलं. एका वायरीच्या टोकाला शिलाईचा पांढरा दोरा, माझ्याच डब्यातला, आणि त्याला एक गाठ. दुसरा दोरा तेलानं काळा होऊन खाली इंजिनाच्या कडेला अडकला होता, त्याला दोन गाठी. तिसराही तिथंच कुठं तरी पडलेला.

"नंबर तर लिहिलेत की वर," महांतप्पा म्हणाला. "एवढे ठसठशीत."

महांतप्पानं एकदा ह्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग वायरी लावल्या, चावी फिरवली, गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. ती तशीच चालू ठेवून, हात धुतो म्हणून तो मागच्या नळावर गेला. पोरगं पाढ्यात कच्चं होतं, पण समजूतदार होतं.

"किती दिसतं तुम्हाला?" मी विचारलं.

"दिसतंय की."

"मला फसवू नका. नंबर दिसतात का?"

हे खाली बघत राहिले. इंजिनाचा आवाज एकसारखा येत होता, मिसिंग वगैरे काही नाही.

"मधोमध काळं दिसतंय," हे शेवटी म्हणाले. "दोन्ही डोळ्यांनी. सरळ बघितलं की माणूसच गायब. वाकडं बघितलं की कडंनं दिसतंय. पेन्शनच्या कामाला म्हणून सोलापूरला गेल्तो ना, ते डॉक्टरकडं गेल्तो. साखरेनं डोळ्यांचा पडदा गेलाय म्हणाले. गेलं ते येत न्हाय, राहिलंय ते सांभाळा म्हणाले."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"राजी पोटुशी होती. तुझी नोकरी. आन् सांगितलं असतं तर तुमी पहिली गाडी विकली असती."

"म्हणजे दिवाळीला आपण तुळजापूरला गेलो, तेव्हा?"

"रस्ता पाठ हाय माझा."

मी ओट्यावर बसले. रस्ता पाठ आहे म्हणे. रस्ता पाठ असतो, रस्त्यावरची माणसं कुठं पाठ असतात? मला इतका राग आला की रडूच आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

"संक्रांतीला वाण आणायला गेल्तो बाजारात," हे म्हणाले. आवाज असा की जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगतायत. "स्टँडपाशी एक बाई लेकरू घेऊन रस्ता ओलांडायली होती. मला दिसलीच न्हाय. लोक वरडले म्हणून ब्रेक मारला. दैवानं नुसता तिचा पदर बॉनेटला लागला. घरी आलो, आन् बॉनेट उघडलं. त्या दिवसापासून गाडी गेटाच्या बाहेर काढली न्हाय म्या."

मला आता सगळा हिशोब लागला. हळद, वास्तुशांत, बारसं. गाडी उघडी असली की कुणी चला म्हणत नाही.

"आणि आज?"

"आज म्हटलं जावं. नात आणायची हाय, हळूहळू जावं. पहाटे उठून जोडली, चालू केली. मग म्हटलं, त्यात राजी बसणार, बाळ बसणार. परत वायरी काढल्या. मग जावयाचा फोन आला, आता ईटला नेतील. म्हटलं न्हाय, आणायचीच. लावायला गेलो तर दोरे गळालेले." हातातला पाना ह्यांनी इकडून तिकडं केला. "वाकडं बघून मोठं मोठं दिसतंय. पण नंबर न्हाय दिसत, अक्षर न्हाय दिसत. एसटीनं यावं म्हटलं पोरीकडं, तर पाटी वाचता येईना. कुणाला विचारावं? अख्खं गाव ओळखीचं. इचारलं की कळलंच समद्यांना."

एवढे दिवस ह्या अंगणात हा माणूस हातानं चाचपून इंजिन उघडत होता, जोडत होता, आणि मी खिडकीतून टोमणे मारत होते. मला ह्यांची दया आली असं नाही म्हणणार मी. मला ह्यांना गच्च धरावंसं वाटलं, आणि दोन थोबाडीत द्याव्याशाही वाटल्या. त्यातलं काहीच केलं नाही. उठले, पदरानं तोंड पुसलं.

"आंघोळ करा," मी म्हणाले. "महांतप्पा गाडी चालवील."

"महांतप्पा?"

"हो, महांतप्पा. तुम्ही शेजारी बसा, आणि तोंडातून एक शब्द काढू नका."

शब्द नाही काढला, हे खरं. पण येरमाळ्यापर्यंत ह्यांचे पाय स्वस्थ नव्हते. समोरून ट्रक आला की उजवा पाय रिकाम्या जागी दाबायचे, वळण आलं की डावा. महांतप्पाला दिसत होतं, पण तो समोर बघून चालवत राहिला. येडशी मागं पडल्यावर एकदा हळूच म्हणाला, "नाना, गाडी लई हलकी ठेवलीया तुमी. माझ्याकडच्या नव्या गाड्या असं चालत न्हाईत." ह्यांनी नुसतं "हं" केलं. त्यानंतर पाय थांबले.

रणधीरचे फोन येत होते. मी म्हणत होते, आलोच, आलोच. ह्या वेळी ते खरं होतं.

दवाखान्याच्या फाटकाशी पोचलो तर ईटची मोठी गाडी पोर्चमध्ये लागलेली, मागचं दार उघडं. पिशव्या, उश्या, पाण्याचा थर्मास, सगळं आत गेलेलं. राजी भिंतीला धरून पायरीवर उभी होती, स्कार्फ बांधलेला, तोंड ओढलेलं. धुरपदाबाईंच्या हातात बाळ. आमची पांढरी गाडी आत वळताना राजीनं बघितली आणि तिथंच डोळ्याला पदर लावला. तिला वाटलंच नव्हतं आम्ही येऊ. पोटच्या पोरीला असं वाटावं, ह्याचं मला फार वाईट वाटलं.

"आलाव का?" धुरपदाबाई म्हणाल्या. "आमी निघालोच होताव. आता सामान काढा, परत भरा. घ्या, आजोबा, घ्या नातीला. सवड झाली म्हणायची."

हे पुढं झाले. शर्टाला हात पुसले, दोनदा. बाळ हातात घेतलं. दुपट्यात गुंडाळलेलं एवढंसं, नुसतं डोकं बाहेर. आधी ह्यांनी खाली सरळ बघितलं. मग मान वळवली आणि तोंड पार बाजूला, औषधाच्या दुकानाकडं केलं.

मला कळलं. महांतप्पाला कळलं. बाकी कुणालाच कळायचं कारण नव्हतं.

"हे काय वं," धुरपदाबाईंचा आवाज चढला. पायऱ्यांवरची माणसं बघायला लागली. "तोंड फिरवायलाव व्हय वैजनाथराव? मुलगी झाली म्हणून? आमी काय बोललो न्हाय. आमच्या घरात पहिली बेटी म्हणून पेढे वाटले. आन् तुमी आजोबा होऊन..."

"आई, गप की," रणधीर म्हणाला.

राजी बापाच्या फिरवलेल्या तोंडाकडं बघत होती, आणि तिचा चेहरा पार उतरला होता. मी बोलायला तोंड उघडलं. पण इतके महिने जे ह्यांनी माझ्यापासून लपवलं, गावापासून लपवलं, ते व्याह्यांसमोर मी कसं उघडं करणार?

"विहीणबाई," हे म्हणाले. तोंड अजून तिकडंच. "मला सरळ दिसत न्हाय. माझे डोळे गेलेत. असं वाकडं बघितलं तरच नात दिसती मला. जरा बघू द्या."

रणधीरनं हातातली पिशवी खाली ठेवली. धुरपदाबाई तोंडावर पदर धरून उभ्या राहिल्या. मग पुढं आल्या, आणि बाळाच्या कानावर आलेलं दुपटं त्यांनी आपल्या हातानं बाजूला केलं, ह्यांना नीट दिसावं म्हणून.

"जांभई दिली तिनं," हे औषधाच्या दुकानाकडं बघत म्हणाले.

"व्हय," धुरपदाबाई म्हणाल्या. "झोप आली तिला. न्या घरी."

राजी पायऱ्या उतरून आली आणि बापाच्या खांद्याला डोकं लावून उभी राहिली. सामान मोठ्या गाडीतून आमच्या गाडीत आलं. रणधीरनं स्वतः उचललं.

परतीला महांतप्पा सावकाश चालवत होता, मी पुढं बसले होते. मागं राजीला डोळा लागला होता. बाळ ह्यांच्या मांडीवर होतं. मी आरशात बघितलं, तर ह्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलेलं. कळंब येईपर्यंत ते तसंच होतं. रस्त्यावरच्या माणसांना वाटलं असेल, म्हातारा शेतं बघत चाललाय.